पहिला कागद

१

आमच्या छापखान्याची एक रीत आहे. नवं काम मशीनवर चढलं की पहिला कागद फाडायचा. आधी मधोमध, मग दोन्ही तुकडे एकत्र धरून पुन्हा एकदा, आणि चारही तुकडे पायाशी ठेवलेल्या खोक्यात. माझे वडील म्हणायचे, "पहिला कागद मशीनचा." सुरुवातीला रुळांवर शाई नीट बसलेली नसते, ठसा एका बाजूला फिका येतो, हे त्यामागचं खरं कारण. पण वडील स्वच्छ उमटलेला पहिला कागदही फाडायचे, आणि त्यांच्यामागे मीही सत्तावीस वर्षं फाडत आलो. आता तर त्यासाठी मनात यावंही लागत नाही. उजवा हात कागद लावतो, डावा काढतो, आणि पहिला असला की दोन्ही मिळून फाडतात. त्या वेळी मी बायकोशी भांडत असलो तरी हातांचं काही अडत नाही.

खाली छापखाना, वर घर. मधे एकवीस पायऱ्यांचा लाकडी जिना, सरळसोट आणि इतका अरुंद की दोघं समोरासमोर आले तर एकानं माघार घ्यावी. वर जिना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी सुरू होतो आणि खाली छापखान्याच्या मागच्या दाराशी संपतो. या दाराचा तळ कधीकाळी ओलीनं कुजला, तेव्हा वडिलांनी तेवढा करवतीनं कापून टाकला. दार बंद असलं तरी खाली वीतभर फट राहते.

रोज चार वाजता मला चहाला बोलवायचं काम आमच्या मुलीचं होतं. तिला आम्ही मुंगी म्हणायचो. हाक मारून काम झालं असतं, पण मुंगीला तिचा एक खेळ खेळायचा असायचा. वरून एक पायरी उतरायची आणि परत वर जायचं. मग दोन उतरायच्या आणि परत. मग तीन. उतरताना प्रत्येक पायरीवर दाणकन पाय आपटून मोजायचं. परतीच्या पायऱ्या मोजायच्या नाहीत, म्हणून वर जाताना ती चवड्यांवर जायची, मांजरीसारखी, आवाज न करता. एकविसाव्या फेरीला ती दाराशी पोचायची आणि फटीतून तिचे पाय दिसायचे.

"बाबा, पोचले! चहा झालाय."

तोवर चहाचं गार पाणी झालेलं असायचं. "मुंगीच्या पावलांनी निरोप पाठवला की असंच व्हायचं," असं तिची आई रोज म्हणायची आणि रोज तिलाच पाठवायची.

२

एकदा ती दुपारी खाली आली ती हातात रद्दीतली लांब पट्टी घेऊन. त्यावर पेन्सिलीनं आकडे लिहिले होते.

१ १ २ १ २ ३ १ २ ३ ४ १ २ ३ ४ ५

"हा माझा जिना," ती म्हणाली. "एक, मग एक दोन, मग एक दोन तीन. कळलं?"

"कळलं. मशीन चालू आहे, लांब उभी राहा."

"आता बघ, बाबा. तू पहिला कागद फाडतोस ना, तसं मी केलं. प्रत्येक आकडा पहिल्यांदा आला की तेवढा खोडला." तिनं लाल पेन्सिलीनं पहिला एक खोडला, पहिला दोन, पहिला तीन, पहिला चार, पहिला पाच. "आता उरलेले वाच."

मी मशीन थांबवलं. मी चिडका माणूस आहे, पण तिच्यासाठी मशीन थांबवायचो. उरलेले आकडे वाचले. एक, एक दोन, एक दोन तीन, एक दोन तीन चार.

"तेच की गं."

"तेच! पुन्हा पहिले पहिले खोडले तरी पुन्हा तेच. कितीही वेळा खोड. यादी कधी संपतच नाही."

"म्हणजे गेलं काहीच नाही म्हण."

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की हा माणूस छापखाना कसा काय चालवतो! "गेले ना, बाबा. एवढे सगळे गेले. पण यादीला कळतच नाही."

ती पट्टी मी मशीनच्या मागे भिंतीला डकवली. अजून तिथंच आहे.

३

हे सांगायचं टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

मागच्या थंडीत मुंगीला ताप भरला. चौथ्या दिवशी ताप उतरल्यासारखा वाटला, म्हणून मी खाली येऊन एका दवाखान्याच्या टोकनचिठ्ठ्यांचं अडलेलं काम मशीनवर चढवलं. दुपारी बायकोनं वरून हाक मारली, "अहो, वर या जरा." मी म्हटलं, "आलो, एवढा गठ्ठा होऊ दे." थोड्या वेळानं तिनं पुन्हा हाक मारली. मी पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा तिनं हाक मारली तेव्हा मी ओरडलो, "मला काय चार हात आहेत का?"

वर मुंगी म्हणाली, "थांब आई, मी बोलावून आणते." बायको पाण्याची पट्टी बदलायला वाटी घेऊन नळाशी गेली होती. तेवढ्यात ती उठली. थंडी वाजते म्हणून तिनं माझे लोकरीचे मोजे घातले होते, टाचा पार पोटऱ्यांपर्यंत आलेले. खाली मशीनच्या आवाजात मला पहिल्या दोन पायऱ्या ऐकू आल्या की नाही, हे मी नक्की सांगू शकत नाही. तिसऱ्या पायरीवर ती खाली बसली. बायकोची किंकाळी मात्र ऐकू आली.

संध्याकाळी हॉस्पिटलात सगळं संपलं. गठ्ठा पुरा झाला होता.

४

दोन महिने छापखाना बंद ठेवला. मग मेहुणा येऊन म्हणाला, "दाजी, हात चालू ठेवा, डोकं मागोमाग येईल." मशीन पुसलं, तेल घातलं आणि एका सोमवारी चालू केलं.

चार वाजता जिन्यावर पाऊल वाजलं. एकच. वरच्या टोकाला, दाणकन.

लाकूड आहे, उन्हानं ताणलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला लाकडाची कुरकुर नवी नसते. सव्वाचारला चहाला वर निघालो. सगळ्यात वरच्या पायरीवर, म्हणजे मुंगीच्या मोजणीतल्या पहिल्या पायरीवर, टोकनएवढी एक कोरी चिठ्ठी पडली होती आणि तिच्यावर पेन्सिलीनं १ लिहिलेला होता. एकाच्या डोक्याला मोठी पोकळ गाठ. मुंगीचा एक तसाच असायचा.

कुठल्यातरी फटीत अडकलेली जुनी चिठ्ठी वर आली असेल, एवढा विचार होईपर्यंत माझ्या हातांनी ती फाडली होती. आधी मधोमध, मग पुन्हा एकदा. मी तुकडे खिशात घातले आणि वर जाऊन चहा प्यायलो. तो गरम होता.

५

मंगळवारी चार वाजता दोन पावलं. दुसऱ्या पायरीवर चिठ्ठी, तिच्यावर २. बुधवारी तीन.

बुधवारी मी दार धाडकन उघडून जिन्यात डोकावलो. रिकामा. वर स्वयंपाकघराच्या दारातून येणारा उजेड, कठडा आणि तिसऱ्या पायरीवर पांढरा ठिपका. ती पायरी कुठली, हे मला कुणी सांगायला नको होतं. चिठ्ठी उचलली तेव्हा ती जराशी उबदार होती. उन्हामुळे, असं मी म्हटलं. त्या जिन्यात ऊन येत नाही. ती मी घाबरून फाडली. त्यानंतरच्याही फाडल्या, काही भीतीनं आणि काही नुसत्या हातांच्या सवयीनं. बायकोला यातलं काही दिसू नये, एवढंच डोक्यात होतं.

सुताराला बोलावलं. त्यानं एकवीसही पायऱ्यांवर उड्या मारून पाहिल्या, हातोडीनं ठोकल्या आणि फळ्यांना कान लावला.

"मालक, एकही पायरी वाजत नाही. हे लाकूड अजून वीस वर्षं तोंड उघडायचं नाही."

"रोज चार वाजता उघडतंय."

त्यानं मजुरी घेतली नाही. जाताना दारात थांबून म्हणाला, "वहिनींना थोडे दिवस माहेरी धाडा. आणि तुम्हीही जा."

त्या दिवशी नऊ पावलं वाजली. सावकाश नाही आणि घाईघाईनंही नाही. खेळताना मूल मोजत उतरतं, अगदी तशी.

६

अकराव्या दिवशी बायकोनं मुंगीच्या वस्तूंचा डबा काढला. ती अधूनमधून काढते. मी शक्यतो तिथून उठून जातो, पण त्या दिवशी बसलो. त्यात एक चपटी पत्र्याची डबी होती. झाकणावर बायकोच्या अक्षरात लिहिलं होतं, "पहिला दात". आत कापूस, कापसात तांदळाएवढा खळगा, आणि खळग्यात काही नाही.

"दात कुठाय?" मी विचारलं.

"कुठला?"

"पहिला. तूच लिहिलंयस."

ती झाकणाकडे बघत राहिली. "रिकामीच होती की ही. शाळेत कुठंतरी पडला असेल तो." मग तिनं कागदाची पुडी उघडून दाखवली. "हे बघा ना, बाकीचे सगळे आहेत. काही गेलेलं नाही."

मी तो दात आठवायला लागलो. दुसरा आठवला. दुसरा पेरू खाताना पडला आणि मुंगी रक्त बघून हसली होती. दुसरा होता म्हणजे त्याच्या आधी पहिला असणारच, पण त्या जागी माझ्या डोक्यात काहीच नव्हतं. मग मी घाबरून एकेक तपासत गेलो. शाळेच्या दुसऱ्या दिवसाचं रडणं आठवलं, पहिला दिवस नाही. दुसऱ्यांदा ती पलंगावरून पडली ते आठवलं. "बाबा" म्हणून तिनं हजारदा हाक मारली, त्यातल्या कितीतरी हाका अजून कानात आहेत, पण ती पहिल्यांदा कधी म्हणाली? आपण असलं काही विसरतो का? माणूस चष्मा विसरतो, छत्री विसरतो!

कामांच्या वहीच्या समासात मी तिच्या नवलाईच्या गोष्टी टिपून ठेवायचो. खाली जाऊन वही उघडली. समास कोरे होते. खाडाखोड नाही, खरवडल्याची खूण नाही.

चार वाजले. अकरा पावलं. मी अकराव्या पायरीपर्यंत चढलो, चिठ्ठी उचलली, आणि मशीनमागच्या त्या पट्टीची आठवण होईपर्यंत हातात चार तुकडे होते.

रोज जो आकडा नव्यानं येतो तो पहिला. पहिला मी फाडतो, आणि त्याबरोबर तिचंही एक पहिलं काही जातं. उरतं ते तेच.

७

हे कळल्यावरही मी पाच चिठ्ठ्या फाडल्या. कोणाला खरं वाटणार नाही. मी ठरवून जायचो, दात आवळून जायचो, आणि उचलली की फाडायचो. कागद बोटांत आला की माझं माझ्या हातांवर काही चालायचं नाही. सोळावी फाडली आणि मी जिन्यातच बसून रडलो.

वर दार उघडलं. बायको उंबऱ्यात उभी होती.

"मला वाटलं, तुम्हाला ऐकूच येत नाही," ती म्हणाली.

"तुला येतं?"

"पहिल्या दिवसापासून." ती सगळ्यात वरच्या पायरीवर बसली. आमच्या दोघांच्या मधे चौदा पायऱ्या होत्या. "रोज चार वाजता ती माझ्या शेजारून जाते. दिसत काही नाही. पदराला वारा लागतो तेवढाच. मी हात पुढे करते. ती थांबत नाही. ती तुमच्याकडे यायला निघालीय ना."

मी तिला चिठ्ठ्यांचं सांगितलं. किती फाडल्या तेही सांगितलं. दाताचं सांगितलं. आता ती जिना उतरून येऊन माझ्या थोबाडीत मारेल असं वाटलं, आणि ती मारेल तर बरं, असंही वाटलं.

"सोळा," ती म्हणाली. मग तिनं बोटांवर मोजलं. "अजून पाच आहेत. त्या नका फाडू."

"नाही फाडणार."

"आणि खाली पोचली की तिला एवढंच सांगा, वळून वर बघ म्हणावं. आई उभी आहे. मला एकदा तिचं तोंड बघायचंय."

सतरावी मी चिमट्यानं उचलली. हातात कागद आलाच नाही, तर हात काय करणार? छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, उचलायचा तो चिमटा. चिठ्ठी तशीच खिशात टाकली. अठरावीही तशीच. एकोणिसावी आणि विसावीही. सलग चार चिठ्ठ्या फाडण्यापासून वाचल्या. त्या चार दिवसांत जे शाबूत राहिलं ते मी इथं लिहून ठेवतो. पहिल्यांदाच्या अशा चारच गोष्टी आता माझ्यापाशी उरल्या आहेत.

तिनं पहिल्यांदा खिळा हातात घेतला. त्यावरचं उलटं अक्षर बघून म्हणाली, "हे पाठ करून का बसलंय? कोणी रागावलं त्याला?"

ती पहिल्यांदा खोटं बोलली. भिंतीवर शाईचा पंजा, तिच्या हाताला शाई, आणि म्हणे, "भिंतीनं आपण होऊन केलं."

पहिल्यांदा तिनं माझे मोजे घातले. घसरत घसरत खाली आली आणि म्हणाली, "बाबा, मी तुझ्या पायांनी आले."

८

एकविसाव्या दिवशी बायकोनं सकाळी न्हाऊन केस विंचरले आणि मुंगीला आवडायची ती निळी साडी नेसली. मी दाढी केली. आम्ही एकमेकांकडे फारसं बघितलं नाही.

"मशीन बंद ठेवा आज," ती म्हणाली.

"नको. मशीनच्या आवाजावरच ती यायची. बंद असलं तर तिला वाटेल मी नाही." हे माझं डोकं. त्या दिवशी आवाज असल्यामुळे मला तिची पावलं नीट ऐकू आली नव्हती, आणि आज मी पुन्हा तोच आवाज लावून बसलो. पण कोरं मशीन फिरवण्याइतका मी शहाणा होतो. कागद लावला नाही, शाई लावली नाही. चिमटा उजव्या हाताशी ठेवला. तोंडात एकच वाक्य घोळवत राहिलो, वळून वर बघ, आई उभी आहे.

चार वाजले.

एक. दोन. तीन. तिसऱ्या पायरीवर ती नेहमीपेक्षा किंचित जास्त थांबली, की मलाच तसं वाटलं? चार. पाच. मशीनच्या प्रत्येक झोक्याबरोबर एक पाऊल जुळत गेलं. सतराव्याला मी खिशावर हात ठेवला. आवाज जवळ येत होता आणि जड होत नव्हता. नऊ वर्षांच्या मुलीचं वजन, तेवढंच.

वीस.

एकवीस.

दाराखालच्या फटीत माझे मोजे उभे होते. राखाडी, डाव्या अंगठ्याशी बायकोनं घातलेला रफू, टाचांच्या जागी रिकामी लोकर गोळा झालेली. एक मोजा दुसऱ्यावर घासला गेला. खाज सुटली की ती तसंच करायची.

मग फटीतून चिठ्ठी आत सरकली. ती जमिनीवर थांबली नाही. मशीनच्या मोठ्या चाकाच्या वाऱ्यानं उचलली गेली आणि माझ्याकडे आली. समोरून कागद आला आणि डाव्या हातानं तो अलगद काढून घेतला, सत्तावीस वर्षं घेतो तसा. २१ वाचलं. माझं तोंड उघडलं होतं, वाक्य जिभेवर होतं.

फाटल्याचा आवाज मशीनच्या आवाजातही ऐकू आला. मधोमध. मग पुन्हा एकदा.

मी फटीकडे बघितलं. पलीकडे नुसतं पायरीचं लाकूड दिसत होतं.

वरून बायकोनं विचारलं, "सांगितलं का तिला?"

मी दार उघडलं आणि तिला दिसतील असे तुकडे धरले. ती सावकाश खाली आली. तिसरी पायरी तिनं ओलांडली, रोज ओलांडते तशी, पाय न ठेवता. माझ्या हातातले तुकडे घेतले, पदराच्या टोकात बांधले आणि मशीनचं बटण बंद केलं.

"तुम्ही मुद्दाम नाही केलंत," ती म्हणाली. एवढं म्हणून ती भिंतीला टेकली आणि तिचे हुंदके थांबेनात. मीही तसाच रडत होतो. तिला जवळ घ्यायला माझे हात पुढे होईनात. मला त्यांची किळस आली होती.

१

दुसऱ्या दिवशी मशीन लावलं नाही. पावणेचारला आम्ही दोघं वर उंबऱ्यात बसलो. बायकोनं माझे दोन्ही हात आपल्या मुठींत घट्ट धरले. पायरी आमच्या पायांसमोर होती.

चार वाजता पदराला वारा लागला. माझ्याही गुडघ्याला लागला. फळी किंचित दबली आणि दाणकन एक पाऊल वाजलं. चिठ्ठी कुठून आली ते दोघांनाही दिसलं नाही. ती पायरीवर होती, १, डोक्याला पोकळ गाठ.

"धरलेत मी," बायको म्हणाली. "घट्ट धरलेत."

चिठ्ठी पायरीवरून वीतभर उचलली गेली. मग ती फाटली. आधी मधोमध. मग दोन तुकडे एकमेकांवर नीट जुळले आणि पुन्हा एकदा. चार तुकडे खाली पडले. अगदी सफाईनं. कोणी शिकवलं असेल ते वेगळं सांगायला नको. मुंगी माझ्या शेजारी उभी राहून वर्षानुवर्षं बघत होती.

हे लिहायला मी आदल्याच रात्री बसलो होतो, ही चिठ्ठी फाटण्याआधी, आणि सातव्या भागापर्यंत लिहून झोपलो होतो. आज सकाळी वाचलं. तिथं मी "चारच गोष्टी" असं लिहिलंय. माझंच अक्षर आहे. खाली मोजल्या तर तीन आहेत. मधे कुठं खाडाखोड नाही, ओळीखाली ओळ नीट बसली आहे. चौथी काय होती ते मला आठवत नाही. बायकोला विचारलं. ती म्हणाली, "तीनच तर होत्या."

पहिले गेले की दुसरे होते ते पहिले होतात. दुसरा दात आता पहिला झाला. आकड्यांची यादी कधी संपत नाही, म्हणून मुंगीला त्याची गंमत वाटायची. तिला नऊच वर्षं मिळाली. त्यातून रोज एक जाणार आणि मला कळणारही नाही. मी असाच चहा पीत राहीन, टोकनं छापत राहीन, आणि कोणी विचारलं तर सांगेन की सगळं आहे, काही गेलेलं नाही.

आत्ता पावणेचार होत आलेत. आज दुसरी पायरी. मी खाली मशीनपाशी बसून हे लिहितोय.

"अहो," वरून हाक आली, "वर या."

"आलो," म्हटलं, आणि वाक्य पुरं न करता उठलो.